पिक्चर नाही आवडला, एवढंच म्हणालो होतो!

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. रस्ता, पाणी, नगरपालिका यातलं काही नाही, सिनेमावर आहे. "पत्रकाराला दुसरा उद्योग नाही का?" असं काही जण म्हणतील. पण हाही गावाचाच प्रश्न आहे. का, ते वाचलं की कळेल.

आपल्याकडं अलीकडं एक नवीन पद्धत सुरू झालीय. कुणी विचारतं, "छावा कसा वाटला?" विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, त्याला तुमची हजेरी घ्यायची असते. "एक नंबर" म्हणालात तर तुम्ही आपले. "चांगला आहे, पण..." म्हणालात की त्या 'पण'च्या पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही.

मार्च महिन्यात मी याच पानावर 'छावा'बद्दल चार-सहा ओळी लिहिल्या. औरंगजेबाचं काम करणारा अक्षय खन्ना आवडला. कवी कलश आवडले. येसूबाईंना काहीच काम दिलं नाही असं वाटलं. शेवटचा छळाचा भाग फार ताणला असं वाटलं. बस. त्यावर काय काय आलं? माझी जात काढली. "तू नक्की कुणाचा?" असं विचारलं. किती पैसे घेतले ते विचारलं. या सगळ्याचं मला काही वाटलं नाही, वीस वर्षं या धंद्यात आहे, कातडी जाड झालीय. वाईट वाटलं ते एका चांगल्या, वाचणाऱ्या माणसाच्या निरोपाचं. "दादा, तुमचं खरं आहे, मलाही तसंच वाटलं. पण काढून टाका. उगीच कशाला?"

हे 'उगीच कशाला' मला धोक्याचं वाटतं. शिव्या देणारे दहा-वीसच असतात. पण त्यांच्यामुळं गप्प बसणारे हजार असतात. पोस्ट मी काढली नाही. उलट आज सविस्तर लिहितो.

आधी सिनेमाचंच बोलू. १४ फेब्रुवारी २०२५ ला 'छावा' आला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, मराठी माणूस. आधार शिवाजी सावंतांच्या कादंबरीचा. विकी कौशलनं अंग मोडून काम केलंय, त्यात वाद नाही. सुरुवातीची बुऱ्हाणपूरची स्वारी बघताना थेटर दणाणून गेलं होतं, मीही खुर्चीत पुढं सरकून बसलो होतो. कैदेतले महाराज आणि कवी कलश यांचं काव्यातलं बोलणं तर फारच चांगलं जमलंय.

मग नावडलं काय? संभाजी महाराज संस्कृत जाणणारे होते, 'बुधभूषण' लिहिणारे होते. नऊ वर्षं चारी बाजूंनी शत्रू असताना राज्य चालवणारे होते. पडद्यावर मला जास्त करून तलवार दिसली आणि गर्जना ऐकू आली. राजा विचार करताना फार थोडा दिसला.

आणि येसूबाई. मंडळी, इथं मला खरोखर राग आला. १६८९ च्या मार्चमध्ये महाराजांची हत्या झाली. रायगडाला वेढा पडला. त्या वेळी राजारामांना गडाबाहेर काढायचा निर्णय येसूबाईंनी घेतला आणि लहानग्या शाहूंना घेऊन स्वतः मागं राहिल्या. गड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेल्या. सुटून परत साताऱ्याला आल्या त्या १७१९ मध्ये. तीस वर्षं! एवढ्या मोठ्या बाईला सिनेमानं काय दिलं? ओवाळायचं, वाट बघायची आणि रडायचं. सिनेमा महाराजांवर आहे, मान्य. पण जी बाई पुढं एवढं करणार आहे, तिच्या डोक्यात काय चाललंय याची एखादी झलक तरी द्यायची.

येसूबाईंची समाधी माहुलीला आहे. सातारचं रेल्वे स्टेशन माहुलीला आहे. म्हणजे आपण साताऱ्याला जाता-येता तिथूनच जातो. मला शिव्या देणाऱ्यांना एकच विचारतो, तुमच्यापैकी किती जण त्या समाधीला जाऊन आलात? हात वर करा. मग मला महाराजांवरचं प्रेम शिकवा.

आता मुद्द्यावर येतो. लोक म्हणतात, "हा श्रद्धेचा विषय आहे, इथं मत नको." महाराज श्रद्धेचा विषय आहेत, माझेही आहेत. पण सिनेमा म्हणजे महाराज नव्हेत. सिनेमा एका कंपनीनं काढलेला असतो, तिकीट लावून विकलेला असतो. देशात सहाशे कोटींच्या आसपास धंदा केला त्यानं. चांगली गोष्ट आहे, करावा. पण जो माल पैसे घेऊन विकला जातो त्यावर 'पैसे वसूल झाले' किंवा 'नाही झाले' म्हणायचा हक्क गिऱ्हाइकाला असतो. वडापवाल्यानं भाडं घेऊन अर्ध्या वाटेत सोडलं तर आपण त्याच्याशी भांडतो. त्याच्या गाडीच्या काचेवर महाराजांचा फोटो असला म्हणून गप्प बसत नाही.

आणि ज्यांना वाटतं की सिनेमाला नावं ठेवणारा तो महाराजांचा विरोधक, त्यांच्यासाठी एक उदाहरण. हा सिनेमा आल्यावर शिर्के घराण्यातल्या वंशजांनी आक्षेप घेतला. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना ज्या पद्धतीनं दाखवलं ते त्यांना मान्य नव्हतं. दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. आता सांगा, येसूबाई माहेरच्या कोण? शिर्के. ज्या घरात महाराणी जन्मल्या त्या घरची माणसं म्हणतायत की सिनेमा आम्हाला पटला नाही. तेही महाराजांचे विरोधक का?

त्याच्याही आधीची गोष्ट लेझीमची. जानेवारीत ट्रेलर आला, त्यात महाराज लेझीम खेळताना दिसले. गदारोळ झाला आणि सिनेमा यायच्या आधीच तो प्रसंग काढावा लागला. महाराज लेझीम खेळले असतील का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. त्यावर जाणकारांनी बोलावं. पण लेझीम खेळण्यात कमीपणा आहे असा जो सूर निघाला तो मला कळला नाही. आपल्याकडं यात्रेत, छबिन्यात, शाळेच्या संमेलनात लेझीम खेळतात. आमच्या बापजाद्यांनी ती अभिमानानं खेळली. ती एकदम हलकी कधी झाली?

आता जरा मागं जाऊ. आज आपण ज्या संभाजी महाराजांपुढं नतमस्तक होतो, त्यांची बरीच वर्षं मराठी नाटक-सिनेमांनी बदनामीच केली होती. व्यसनी, रागीट, बेजबाबदार असंच चित्र रंगवलं जायचं. हे कुणी बदललं? वा. सी. बेंद्रे या माणसानं. आयुष्याची कित्येक वर्षं कागदपत्रं धुंडाळण्यात घालवली आणि १९६० मध्ये संभाजी महाराजांवरचा ग्रंथ काढला. वढू बुद्रुकच्या समाधीचा शोधही त्यांनीच लावला. पुढं कमल गोखले यांनी अभ्यास करून चरित्र लिहिलं. सावंतांची 'छावा' कादंबरी त्यानंतर, १९७९ ची. म्हणजे महाराजांवरचा डाग पुसला तो शाईनं आणि कागदानं. पुसणाऱ्यांनी काय केलं, तर रूढ मताला 'हे मला पटत नाही' असं म्हणायची हिंमत केली आणि पुरावे दिले. तेव्हा जर 'मत नको' असा दंडक असता तर आज 'छावा' निघालाच नसता. बेंद्र्यांचं नाव किती जणांच्या स्टेटसला बघितलंत?

आणि रहिमतपूरकरांनो, आपल्याला तर हे दुसऱ्या कुणी शिकवायची गरजच नाही. १९२० मध्ये याच गावात एक मूल जन्मलं, वसंत शंकर कानेटकर. पुढं महाराष्ट्राचे मोठे नाटककार झाले. १९६२ मध्ये त्यांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते' लिहिलं. विषय काय? शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज, बाप आणि लेक. दोघांचं एकमेकांवर जीवापाड प्रेम, पण बोलणं जमत नाही. मध्ये घरातली भाऊबंदकी. छत्रपतींना त्यांनी थकलेला, काळजी करणारा बाप म्हणून रंगमंचावर आणलं. पुढं १९६८ मध्ये 'इथे ओशाळला मृत्यू', तेही संभाजी महाराजांवर. काशिनाथ घाणेकरांचा संभाजी बघायला लोकांनी गर्दी केली. नाटकात माणूस दिसला म्हणून राजा लहान झाला नाही. आजही ती नाटकं वाचली जातात.

आता कल्पना करा, कानेटकर आज रहिमतपुरात बसून ते नाटक लिहितायत. रायगडावर बाप-लेकाचं भांडण! पहिला अंक संपायच्या आत आपण त्यांच्या दारात निवेदन घेऊन गेलो असतो. ज्या गावात असा माणूस जन्मला, त्या गावात 'पिक्चर ताणला' एवढं लिहिल्यावर 'काढून टाका, उगीच कशाला' म्हणायची वेळ यावी?

काही जण म्हणतील, एवढं काय मनावर घेताय, सोशल मीडियावर लोक बोलतातच. मनावर घेतो, कारण हे बोलण्यावर थांबत नाही. या सिनेमानंतर मध्य प्रदेशात असीरगड किल्ल्याजवळ लोक रात्री बॅटऱ्या आणि धातू शोधायची यंत्रं घेऊन शेतं खणायला गेले, मोगलांचं सोनं मिळेल म्हणून. ते हसण्यावारी नेलं. पण १७ मार्चला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून दंगल झाली, संचारबंदी लागली. त्यानंतर विधानसभेत खुद्द मुख्यमंत्री म्हणाले की या सिनेमानंतर औरंगजेबाबद्दलचा लोकांचा राग भडकलाय. दंगल सिनेमानं केली असं मी म्हणत नाही, दंगल माणसं करतात. पण पडद्यावरची गोष्ट आणि रस्त्यावरची गोष्ट यांच्यात अंतर ठेवायचं असतं, ते ज्या समाजाला ठेवता येत नाही त्याला पेटवायला फार काही लागत नाही.

नागपूर लांब आहे म्हणता? पुसेसावळी किती लांब आहे? सप्टेंबर २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या वादग्रस्त पोस्टवरून तिथं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. म्हणून म्हणतो, मतभेद झाला तर तो शब्दांतच मिटवायची सवय आपल्याला हवी. आणि ती सवय कुठं लावायची? सिनेमासारख्या साध्या विषयावरच लावायची ना! सिनेमावरचं वेगळं मत ज्याला पचत नाही, त्याला पुढं गावातलं, धर्मातलं, मतदानातलं वेगळं मत कसं पचणार?

हे एकाच बाजूचं दुखणं आहे असं समजू नका.

एप्रिलमध्ये 'फुले' आला. ११ तारखेला यायचा होता, काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डानं जातींचे उल्लेख आणि काही संवाद बदलायला लावले, शेवटी २५ तारखेला लागला. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यातलं. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं. जातीचा छळ ज्यांनी आयुष्यभर उघड करून सांगितला त्यांच्या सिनेमातून जातीचीच नावं काढायची, यापेक्षा मोठा विनोद नाही. हे मी तेव्हाही लिहिलं होतं. पण सिनेमा बघून आल्यावर हेही लिहिलं की तो मला शाळेच्या धड्यासारखा वाटला. एकामागून एक प्रसंग येतात आणि जातात. प्रतीक गांधी आणि पत्रलेखा यांनी मनापासून काम केलंय, पण जोतीरावांचा तिखटपणा, त्यांच्या लिहिण्यातला विनोद पडद्यावर आला नाही. झालं, या वेळी दुसऱ्या बाजूचे मित्र रुसले. "आपला सिनेमा आहे, आत्ता असं नको लिहायला." अहो, ज्या माणसानं प्रत्येक गोष्ट तपासून घ्या म्हणून सत्यशोधक समाज काढला, त्याच्या सिनेमाबद्दल तरी खरं बोलू द्या!

ऑगस्टमध्ये 'खालिद का शिवाजी'. तो ८ ऑगस्टला यायचा होता. विषय असा की शाळेत 'अफझलखान' म्हणून चिडवल्या गेलेला एक मुसलमान पोरगा शिवाजी महाराजांना शोधायला निघतो. ट्रेलरमधल्या महाराजांच्या सैन्यात इतके टक्के मुसलमान होते, रायगडावर मशीद होती, अशा विधानांवर आक्षेप आले. विधानं पुराव्याला धरून नसतील तर अभ्यासकांनी ती खोडून काढावीत, जरूर काढावीत. पण सिनेमा लोकांपुढं यायच्या आधीच केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं तो महिनाभरासाठी थांबवला. भांडण झालं ते दोन-अडीच मिनिटांच्या ट्रेलरवर. पूर्ण सिनेमा चांगला की वाईट हे ठरवायची संधीच प्रेक्षकाला मिळाली नाही.

आपल्या गावात रणदुल्लाखानाच्या कबरीची इमारत आहे. रणदुल्लाखान आदिलशाहीचा सरदार. कर्नाटकच्या मोहिमेत शहाजीराजे त्याच्याबरोबर होते. म्हणजे थोरल्या महाराजांच्या वडिलांचा इतिहास आपल्या गल्लीतल्या एका घुमटापर्यंत येऊन पोचतो. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो. तीस सेकंदांच्या स्टेटसमध्ये तो मावत नाही. आणि ज्या गावात रोज सकाळी अजान आणि काकड आरती दोन्ही ऐकू येतात त्या गावानं तरी हे विसरू नये.

शेवटी एका सिनेमाबद्दल सांगतो, ज्यावर कुणीच भांडलं नाही. 'स्थळ'. ७ मार्च २०२५ ला आला. 'छावा' तेव्हा जोरात होता. जयंत सोमलकर यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात काढला, गावातल्याच माणसांना घेऊन. टोरंटोच्या महोत्सवात २०२३ साली त्याला पुरस्कार मिळाला होता. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता. शिकायचंय, स्पर्धा परीक्षा द्यायचीय. आणि घरी सारखे पाहुणे बघायला येतायत. खुर्च्या मांडायच्या, पोहे करायचे, पोरीनं खाली मान घालून बसायचं, तेच ते प्रश्न, उंची किती, रंग कसा. सिनेमा सुरू होतो तो उलट्या स्वप्नानं, मुलगा खाली बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत. थेटरात आधी हशा पिकला, मग हळूहळू सगळे गप्प झाले.

मला तोही सगळा आवडला नाही. मध्ये तेच तेच होतंय असं वाटलं. पण घरी येऊन झोप लागली नाही. कारण त्यातल्या खुर्च्या आपल्या घरातल्या आहेत. कोरेगाव, खटाव, माण, कुठल्याही घरात जा. कापसाच्या जागी ऊस किंवा आलं आणि वऱ्हाडीच्या जागी आपली भाषा, एवढाच फरक. पोरींनी एमपीएससीचे क्लास लावायचे आणि रविवारी साडी नेसून पाहुण्यांपुढं बसायचं.

या सिनेमावर आपल्या गावात कुणी वाद घातला? कुणी निवेदन दिलं? कुणाच्या भावना दुखावल्या? नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या महाराणीच्या सन्मानासाठी आपण रात्रभर जागून कमेंट लिहितो, आणि पुढच्या रविवारी चार माणसं घेऊन कुणाच्या तरी पोरीची उंची विचारायला जातो. माझं भांडण हे आहे. सिनेमा आरसा म्हणून समोर आला की आपण तोंड फिरवतो, आणि झेंडा म्हणून आला की काठी घेऊन धावतो. दोन्ही वेळा सिनेमा बघायचा राहूनच जातो.

हे बदलू शकतं. सप्टेंबरमध्ये 'दशावतार' आला. एक्याऐंशी वर्षांच्या दिलीप प्रभावळकरांनी जे काम केलंय त्याला तोड नाही. पण कोकणातल्या खाणीचा प्रश्न शेवटी एका माणसाच्या सूडावर आणून सोपा केला, असं मी लिहिलं. खाली लोक काय भांडले! कुणी म्हणालं तुम्हाला कोकण कळत नाही, कुणी म्हणालं सिनेमा आहे, अहवाल नाही. एकानं तर माझा मुद्दा असा काही खोडला की मला पुन्हा विचार करायला लागला. मजा आली. कुणी माझा बाप काढला नाही, जात विचारली नाही. म्हणजे आपल्याला येतं की भांडायला! फक्त पडद्यावर राजा आला, महात्मा आला की आपलं डोकं बंद पडतं.

तर आता कामाला लागू. खाली कमेंटमध्ये या वर्षी बघितलेल्या एका सिनेमाचं नाव लिहा. त्यातली एक आवडलेली गोष्ट लिहा आणि एक न आवडलेली. 'छावा'बद्दल लिहिलंत तरी चालेल, तुम्हाला तो डोक्यावर घ्यायचा असेल तर जरूर घ्या, माझं म्हणणं खोडून काढा. शिव्या उडवणार, मतं सगळी ठेवणार. आणि ज्यांनी मला खासगीत 'तुमचं खरं आहे' म्हणून कळवलं होतं, त्यांनी या वेळी इथंच, स्वतःच्या नावानं लिहावं ही विनंती.